डॉक्टरांपुरती जाहिरात

मधुमेह मुळापासून घालवणारं चूर्ण, कर्करोगावरचा रामबाण काढा, गेलेलं तारुण्य परत आणणारी गोळी. असल्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता म्हणून १९५४ साली संसदेने ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा केला. त्याला जोडलेल्या यादीत चोपन्न आजार आहेत. आमच्या औषधाने हे आजार बरे होतात, असं लोकांना जाहिरातीतून सांगता येत नाही. यादीबाहेरच्या आजाराबाबतसुद्धा औषधाविषयी खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात चालत नाही. कायदा चांगला आहे. तो किती पाळला जातो ते कुठल्याही रेल्वे स्टेशनाबाहेरची भिंत सांगेल, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय त्याच कायद्याचं चौदावं कलम. नोंदणीकृत डॉक्टरला गोपनीय रीतीने पाठवलेल्या औषधाच्या जाहिरातीला या कायद्यातलं काहीही लागू होणार नाही, असं ते सांगतं. काहीही म्हणजे खोट्या दाव्यांविषयीचं कलमसुद्धा. अट एवढीच की कागदाच्या माथ्यावर ठळक छापायचं: फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी. ही सूट देणाऱ्यांच्या मनात काय असेल ते ओळखणं अवघड नाही. डॉक्टर शिकलेला माणूस, त्याच्याशी औषधाबद्दल मोकळेपणी बोलता आलं पाहिजे. शिवाय तो काही चूर्णवाल्याच्या बोलण्याला भुलणार नाही. यातलं पहिलं तेव्हा बरोबर होतं, आजही आहे. दुसरं आपल्याकडे फारसं कोणी तपासून पाहिलेलं नाही. सत्तर वर्षं आपण ते गृहीत धरून चाललो आहोत.

डॉक्टरांना मिळणारी पेनं, जेवणं आणि परदेशवाऱ्या यांवर पुष्कळ बोललं जातं. बोललं पाहिजेच. पण माझा मुख्य आक्षेप त्यांच्यावर नाही. औषधाची जी जाहिरात सगळ्यांत जास्त परिणाम करते, ती डॉक्टर आणि कंपनीचा माणूस सोडून तिसऱ्या कोणाला दिसतच नाही, यावर आहे. ती सगळ्यांना दिसली पाहिजे, हे माझं म्हणणं.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या भागात आमचं औषधाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. शहरच औषधांचं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. तिथले त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या हातून १९०७ मध्ये अलेंबिक उभी राहिली. पुढे साराभाई केमिकल्स आली. इथल्या मराठी घरांत एक काका अलेंबिकात, एक मामा साराभाईत, असा हिशेब असायचा. ज्यांना कारखान्यात जागा मिळाली नाही त्यांच्यातले कितीतरी बॅग उचलून एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन कंपनीच्या औषधांचा प्रचार करणारे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, झाले. त्यामुळे या धंद्याबद्दल मी लिहितो ते वैरातून नाही, घरातल्याच माणसांबद्दल लिहितो आहे.

संध्याकाळी दवाखाने भरले की एमआर मंडळी आत बोलावणं येईपर्यंत बाहेर ताटकळत असतात. त्याआधी त्यातला एखादा आमच्या काउंटरवर येतो. ‘काका, साहेबांचं सध्या काय चाललंय जरा सांगा ना.’ साहेब म्हणजे पलीकडचे डॉक्टर आणि ‘काय चाललंय’ म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्यांवर कुठल्या ब्रँडच्या किती स्ट्रिपा जातात. कंपनीच्या भाषेत याला आरसीपीए म्हणतात. आपला ब्रँड किती, समोरच्याचा किती, हे जवळच्या दुकानातून टिपायचं आणि रात्री रिपोर्टमध्ये भरायचं. त्या टिपणांवरून डॉक्टरांची प्रतवारी होते: कोणाला महिन्यातून एकदा भेटायचं, कोणाला तीनदा, कोणाकडे एरिया मॅनेजरने स्वतः जायचं, कोणाला पुढच्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षण-मेळाव्यात, व्याख्यान द्यायला लावायचं. मागच्या भेटीत डॉक्टरांना दाखवलेल्या जाहिरातीच्या कार्डाचा किती उपयोग झाला, हे कंपनीला पुढच्या भेटीआधी माहीत असतं. आपल्या चिठ्ठीचा असा हिशेब कोणी ठेवतंय हे डॉक्टरांना ढोबळमानाने ठाऊक असतं. चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभ्या असलेल्या पेशंटला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता ते कार्ड. एमआर त्याला व्हिज्युअल एड म्हणतो. पूर्वी जाड चकचकीत कागदाचं फोल्डर असे, आता बऱ्याच जणांकडे टॅब आहे. डॉक्टर पेशंट तपासता तपासता ते पाहतात, म्हणजे एका पानाला काही सेकंद. डावीकडे हसरी आजी नातवाबरोबर धावते आहे. उजवीकडे दोन खांबांचा आलेख, आपला उंच, दुसऱ्याचा बुटका. खांबाच्या पायथ्याशी पाहिलं तर मोजणी शून्यापासून सुरूच होत नाही, नव्वदपासून होते. त्यामुळे ९२ आणि ९६ यांच्यात दुपटीहून जास्त फरक दिसतो. वर मोठ्या अक्षरांत ‘धोका पन्नास टक्के कमी’. समजा शंभर माणसांत दोघांना झटका येत होता आणि औषधाने तो एकालाच आला. घट पन्नास टक्केच झाली, खोटं काही नाही. पण हेच वाक्य ‘शंभर माणसांना औषध दिलं तर एकाचा फायदा’ असं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी कदाचित आधी पेशंटच्या खिशाचा विचार केला असता. तळाशी, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत संदर्भ. कधी तो एखाद्या नियतकालिकातल्या लेखाचा असतो, कधी नुसतं ‘डेटा ऑन फाइल’. म्हणजे पुरावा आहे, पण तो कंपनीच्या कपाटात आहे. दुष्परिणाम त्याच बारीक अक्षरांत, नाहीतर पुरवणीच्या कागदावर. तो कागद टेबलाच्या खणात जातो.

यातला प्रत्येक तपशील एकटा पाहिला तर क्षम्य वाटतो. जाहिरात म्हटल्यावर थोडी रंगसफेदी असायचीच. पण साबणाची जाहिरात पाहून फसलेला माणूस दुसऱ्या महिन्यात साबण बदलतो. इथे जाहिरात एक पाहतो, पैसे दुसरा मोजतो, गोळी तोच गिळतो आणि बरं वाटलं नाही तर ते औषधामुळे की आजारामुळे, हे त्याला कळायला मार्ग नाही. बाजारात चूक आपोआप सुधारते म्हणतात. ती सुधारायला लागणारा धागाच या व्यवहारात नाही.

डॉक्टर मित्र म्हणतात, ‘एका पेनासाठी आम्ही औषध बदलू असं वाटतं का तुम्हाला?’ मला तसं वाटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तर अजिबात नाही. प्रश्न हेतूचा असता तर सोपा होता, चार वाईट माणसं शोधून काढली असती. सकाळ-संध्याकाळ गर्दीचा दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरला नवी औषधं कळतात कुठून, हे पाहिलं पाहिजे. कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झालेली. तेव्हाची निम्मी औषधं आता मागे पडलेली. पादरा किंवा वाघोडिया अशा बडोद्याजवळच्या गावी एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याच्या दारी नव्या औषधाची माहिती घेऊन येणारा माणूस एकच, तो एमआर. सरकारचा कोणी येत नाही, मेडिकल कॉलेजचाही नाही. म्हणून ‘एमआर बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या जागी काय येणार, हे ते सांगत नाहीत.

जाहिरातीचा परिणाम होतो का, याचं उत्तर आपल्याकडे मिळणं कठीण, कारण नोंदच नाही. अमेरिकेत नोंद आहे. २०१० च्या कायद्याने तिथे कंपन्यांना कुठल्या डॉक्टरला काय दिलं ते जाहीर करावं लागतं, आणि २०१४ पासून ती यादी कोणालाही पाहता येते. ती यादी आणि चिठ्ठ्यांची सरकारी नोंद शेजारी शेजारी ठेवून २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. वीस डॉलरपेक्षा कमी किमतीचं एखादं जेवण घेतलेले डॉक्टरसुद्धा त्या कंपनीचा ब्रँड इतरांपेक्षा जास्त लिहीत होते. जेवणामुळे ब्रँड लिहिला की लिहिणाऱ्यालाच जेवण मिळालं, हे अशा अभ्यासातून ठामपणे सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण कंपन्या हिशेबी असतात. ज्या खर्चाचा उपयोग नाही तो त्या वर्षानुवर्षं करत नाहीत.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. नियम आहेत, पण त्यांचे तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर पडले आहेत. डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारनियम. २००९ मध्ये त्यांत भर घालून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार आणि रोख रक्कम घेण्यावर बंदी आली. ती डॉक्टरांच्या संघटनांनाही लागू होती. २०१६ मध्ये संघटनांना त्यातून वगळलं. कुठल्या परिषदेच्या मंडपात कोणाचे फलक लागतात ते ज्याने पाहिलं आहे त्याला या वगळण्याचा अर्थ समजावून सांगायला नको. कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं. त्याने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे, बरेच कडक नियम काढले आणि डॉक्टरांच्या संघटनांचा आरडाओरडा झाल्यावर २३ ऑगस्टला ते स्थगित केले. पुन्हा २००२ चे जुनेच लागू. एकवीस दिवसांचं राज्य.

हे झालं घेणाऱ्यांचं. देणाऱ्या कंपन्यांसाठी औषध विभागाची मार्केटिंगविषयीची आचारसंहिता आहे. हा विभाग आरोग्य मंत्रालयात नाही, रसायने आणि खते मंत्रालयात आहे. औषध बाजारात आणायची परवानगी आरोग्य मंत्रालयाकडे आणि त्याची जाहिरात कशी करावी हे युरियाच्या शेजारच्या टेबलावर. ही आचारसंहिता २०१५ पासून ऐच्छिक होती. १२ मार्च २०२४ रोजी ती नव्याने आली आणि यावेळी ‘ऐच्छिक’ शब्द गेला. भेटवस्तू बंद, परदेशातल्या परिषदा बंद, ब्रँडची आठवण करून देणारी वस्तू हजार रुपयांच्या आतली. एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बारापेक्षा जास्त सॅम्पल पॅक नाहीत, एका पॅकमध्ये जास्तीत जास्त तीन पेशंटना पुरेल इतकंच औषध, आणि सॅम्पलांची एकूण किंमत कंपनीच्या देशातल्या विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत. कागदावर उत्तम. पण तक्रार ऐकणार कोण? कंपन्यांच्याच संघटनेची समिती. शिक्षा काय? ताकीद, खुलासा छापणं, दिलेला पैसा परत घेणं, संघटनेतून काढणं. अपील सरकारी समितीकडे करता येतं, पण तिच्याही हातात याहून फारसं नाही.

याचा प्रत्यक्ष अर्थ डिसेंबर २०२४ मध्ये दिसला. एका बहुराष्ट्रीय कंपनीने तीस डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेलं होतं, खर्च १ कोटी ९१ लाख. सरकारच्या समितीने प्रकरण तपासलं, दोष सिद्ध झाला आणि कंपनीला ताकीद मिळाली. डॉक्टरांविषयी मेडिकल कमिशनला आणि कराविषयी प्राप्तिकर खात्याला कळवलं गेलं. अमेरिकेत २०१२ मध्ये एका कंपनीने मंजुरी नसलेल्या वापरासाठी औषधांचा प्रचार केल्यापोटी आणि इतर आरोपांपोटी तीन अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. तिकडे सगळं स्वच्छ आहे असं कोणी म्हणत नाही. पण पकडलं गेल्यावर तिकडे हिशेबनीसाला घाम फुटतो. इकडे एक पत्र येतं.

गंमत अशी की या सगळ्यात थोडंफार काम कोणी केलं असेल तर ते प्राप्तिकर खात्याने. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्या धंद्याचा खर्च म्हणून दाखवत आणि त्यावर करात सूट घेत. म्हणजे त्या भेटींचा काही भाग आपण करदातेच भरत होतो. खात्याने २०१२ मध्ये परिपत्रक काढून ती सूट नाकारली. सर्वोच्च न्यायालयात अपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात कंपनीचा युक्तिवाद असा होता, की कौन्सिलचा नियम डॉक्टरांवर आहे, आमच्यावर नाही. घेणं गुन्हा असेल, देणं नाही. न्यायमूर्ती उदय लळीत आणि रवींद्र भट यांच्या खंडपीठाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी तो फेटाळला. फुकट म्हणून दिलेल्या या वस्तूंची किंमत शेवटी औषधाच्या किमतीत मिसळते आणि पेशंटकडून वसूल होते, हेही न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी जुलैपासून वर्षाला वीस हजारांवरच्या लाभावर दहा टक्के कर कापायची तरतूद आली आणि डॉक्टरला मिळालेलं सॅम्पलही त्यात धरलं गेलं. इथल्या भेटींना इथला रंग असतो: उत्तरायणाला पतंग-फिरकी, नवरात्रात गरब्याचे पास, दिवाळीला जे असतं ते. माझ्या डोळ्यांदेखत त्यातलं थोडं कमी झालं ते नीतिनियमांमुळे नव्हे, सीएंच्या फोनमुळे.

सॅम्पलांबद्दल मात्र माझं मन तितकं कठोर होत नाही. खणातल्या सॅम्पलांवर गरीब पेशंटचा पूर्ण कोर्स काढून देणारे डॉक्टर या शहरात आहेत, आणि ते कोणाला सांगत नाहीत. पण जो ब्रँड फुकट सुरू झाला तोच पुढे विकत चालू राहतो, बीपी-शुगरचा असेल तर आयुष्यभर. त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने ते दान नाही, बयाणा आहे.

हे सगळं भेटींबद्दल झालं, आणि नेमकी इथेच चर्चा थांबते. जाहिरातीच्या मजकुराचं काय? २०२४ च्या आचारसंहितेत त्याबद्दलही नियम आहेत, आणि ते वाचनीय आहेत. दावा ताज्या पुराव्यावर आधारलेला असावा. कसलंही स्पष्टीकरण न देता औषधाला ‘सुरक्षित’ म्हणू नये. ‘दुष्परिणाम नाहीत’ असं लिहू नये. देशात वर्षभराहून जास्त काळ प्रचारात असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणू नये. आता हे पाळलं जातं की नाही ते कोण पाहणार? कार्ड छापण्याआधी किंवा छापल्यावर ते कुठल्याही सरकारी कार्यालयात जमा करावं लागत नाही. तक्रार डॉक्टरने करायची. पण गर्दीच्या वेळी आलेल्या कार्डावरच्या आलेखाचा पाया शून्य आहे की नव्वद, हे पाहून तक्रार लिहायला बसणारा डॉक्टर मी अजून पाहिला नाही. अमेरिकेत लिहून दिल्याशिवाय न मिळणाऱ्या औषधाचं असं साहित्य वापरात आणताना अन्न आणि औषध प्रशासनाकडे सादर करावंच लागतं. तिथे ते वाचणारं स्वतंत्र कार्यालय आहे. सगळं वाचून होतं असं नाही, पण कागद तिथे असतो. उद्या गरज पडली तर काढता येतो.

कागद नसल्याने काय होतं त्याचं सर्वांत मोठं उदाहरण मिश्र औषधांचं. दोन-तीन औषधं एका गोळीत घालून नवा ब्रँड काढायची आपल्याकडे चाल आहे. काही मिश्रणांना अर्थ असतो, पुष्कळांना नसतो. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयात बंदी रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी करायला सांगितली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. कारण ठरलेलं: या मिश्रणाला वैद्यकीय आधार नाही, धोका असू शकतो. बंदीचा आदेश आला की आमच्या दुकानात एक काम वाढतं, फळीवरच्या स्ट्रिपा काढून खोक्यात भरून स्टॉकिस्टला परत पाठवायच्या. पण त्या फळीवर आल्या कशा? त्या कोणी काउंटरवर मागितल्या नव्हत्या. चिठ्ठीवर आल्या म्हणून आम्ही मागवल्या आणि चिठ्ठीवर आल्या त्या कार्डामुळे. प्रत्येकाचं एकेक चकचकीत कार्ड होतं, प्रत्येकावर आलेख होता, ‘दुहेरी परिणाम’ किंवा ‘संपूर्ण आराम’ असं काहीतरी होतं. जे औषध सरकारच्याच समितीला निराधार वाटलं त्याबद्दल डॉक्टरांना वर्षानुवर्षं काय सांगितलं गेलं, याची एकही अधिकृत फाइल कुठे नाही. बंदी आली, खोकी परत गेली, कार्डं रद्दीत. दिशाभूल कोणी केली हा प्रश्न विचारायला पुरावाच उरला नाही. तीच कंपनी पुढच्या महिन्यात चौथं औषध घालून पाचवं मिश्रण आणते.

‘मग डॉक्टरांनी ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ, म्हणजे जेनेरिक नावानेच लिहावं, प्रश्नच संपला,’ असं सुशिक्षित मंडळी फार सहज म्हणतात. सरकारने औषध उद्योगाबाबत नेमलेल्या जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्येच ब्रँड नावं टप्प्याटप्प्याने काढायला सांगितलं होतं, आणि तत्त्व म्हणून ते मला पटतं. पण काउंटरच्या आत बसून सांगतो, एवढ्याने प्रश्न संपत नाही, तो माझ्याकडे येतो. चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव असेल तर कुठल्या कंपनीचं द्यायचं ते मी ठरवणार. किंमत नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला सोळा टक्के मिळतात. पण बाजारात ‘ट्रेड जेनेरिक’ नावाचा प्रकार आहे. त्याला ब्रँडचं नाव असतं, एमआर नसतो, आणि छापील किंमत आम्हाला पडलेल्या किमतीच्या कितीतरी पट असते. मधला फरक दुकानदाराचा. डॉक्टरवर होणारा खर्च दुकानदाराकडे वळला एवढाच बदल. पेशंटला आज निदान डॉक्टरच्या पदवीचा आधार आहे, उद्या माझ्या फायद्याचा असेल. कंपनीचा पैसा पाण्यासारखा उताराकडे जातो, एक बांध घातला की दुसरीकडून. दर्जाची खात्री देणारी सरकारी तपासणी नेहमीची आणि उघड झाल्याशिवाय जेनेरिकची सक्ती करणं म्हणजे डॉक्टरांवरचा संशय काढून केमिस्टवर विश्वास ठेवणं. माझ्या व्यवसायबंधूंना राग येईल, पण तो विश्वास आम्ही अजून कमावलेला नाही.

जाहिरातीशिवाय औषध चालतच नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. बडोद्यातच ‘लोकॉस्ट’ ही संस्था १९८३ पासून आहे. अत्यावश्यक औषधं साध्या जेनेरिक नावाने आणि नफ्याचा हेतू न ठेवता बनवायची आणि स्वयंसेवी संस्थांच्या दवाखान्यांना पुरवायची, हे तिचं काम. औषधांच्या किमतींसाठी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत ती होती. तिची किंमतयादी बाजारातल्या ब्रँडशेजारी ठेवून पाहिली की चांगल्या औषधाला प्रत्यक्षात किती कमी खर्च येतो ते कळतं. पण या उदाहरणाची मर्यादाही पाहिली पाहिजे. तिची औषधं घेणारे दवाखाने ठरलेल्या यादीतून घेतात आणि ती यादी कोणीतरी विचार करून केलेली असते. एकट्या फॅमिली डॉक्टरकडे अशी यादी नसते, त्याच्याकडे कार्ड येतं. अमेरिकेत जेरी एव्हॉर्न या डॉक्टर-संशोधकाने १९८३ मध्ये फार्मासिस्टना प्रशिक्षण देऊन एमआरसारखंच डॉक्टरांच्या दारी पाठवलं, फक्त माहिती तटस्थ. अनावश्यक औषधांच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. आपल्याकडे राज्य सरकारने जिल्ह्याला दोन-चार असे फार्मासिस्ट नेमले तरी फरक पडेल. खर्चाची चर्चा निघाली की मी परत गेलेल्या त्या खोक्यांचा हिशेब मांडायला तयार आहे.

कायदा करायला वेळ लागेल. आचारसंहितेला कायद्याचं बळ द्यावं, तक्रार कंपन्यांच्या संघटनेकडून काढून औषध नियंत्रकाकडे द्यावी, कोणत्या डॉक्टरला काय दिलं त्याची यादी उघड करावी, ही मागणी जुनी आहे. एमआरच्या संघटनेचीच याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॅग उचलणाऱ्यालाच टार्गेटचा सर्वांत जास्त काच होतो.

तोपर्यंत एक गोष्ट आजच करता येईल, आणि तिला संसदेची गरज नाही. २०२४ च्या आचारसंहितेनुसार प्रत्येक कंपनीच्या प्रमुखाने आर्थिक वर्ष संपल्यावर दोन महिन्यांत, म्हणजे मे अखेरपर्यंत, आम्ही नियम पाळले असं घोषणापत्र द्यायचं असतं. औषध विभागाने त्यात एक ओळ वाढवावी: वर्षभरात डॉक्टरांना दाखवलेलं प्रत्येक कार्ड, टॅबवरचं असो की कागदाचं, घोषणापत्रासोबत जोडावं. ती सगळी कार्डं औषधाच्या नावाने शोधता येतील अशा रीतीने विभागाच्या संकेतस्थळावर टाकावीत. व्यापारी गुपित फुटेल असं कंपन्या म्हणतील. हजारो दवाखान्यांत दाखवलेला कागद गुपित कसा, हे त्यांनी सांगावं. गोपनीयतेचं कलम डॉक्टरांना मोकळेपणी सांगता यावं म्हणून आहे. काय सांगितलं ते झाकून ठेवता यावं म्हणून ते केलेलं नाही.

इतकी कार्डं वाचणार कोण, असंही विचारलं जाईल. वाचणारे आहेत. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमात औषध कंपन्यांच्या जाहिरात-साहित्याचं टीकात्मक परीक्षण करणं हे एक कौशल्य म्हणून नेमलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या प्रचारासाठी १९८८ मध्ये ठरवलेले निकष हाताशी घेऊन मुलं कार्ड तपासतात: संदर्भ खरा आहे का, दुष्परिणाम लिहिलेत का, आलेख कुठून सुरू होतो. बडोदा मेडिकल कॉलेजपासून देशातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात हे दरवर्षी होतं. मुलं चुका बरोबर पकडतात, सर सही करतात आणि ते परीक्षण प्रॅक्टिकलच्या वहीत राहून जातं. विभागाने आपल्या पोर्टलवर कार्डाच्या खाली ते परीक्षण जोडायची सोय करावी, त्या कॉलेजच्या औषधशास्त्र विभागाच्या सहीने. म्हणजे पुढच्या वर्षी एखाद्या मिश्रणावर बंदी घालायची वेळ आली तर समितीपुढे त्या औषधाबद्दल डॉक्टरांना काय सांगितलं गेलं याचाही कागद असेल.